चंद्राच्या भोकातून

चित्र तीनशे वार लांब. मी ते कधी पाहिलंच नाही.
म्हणजे पाहिलं, पण पाठीमागून:
सरसाचे डाग, ठिगळं, शिवणींचे व्रण,
आणि खडूने लिहिलेलं, 'इथे हळू', 'इथे गडगडाट',
'इथे साहेब खोकतील, थांब.'

वय अकरा. हातात लोखंडी दांडा.
मी फिरवला की नाईल वाहायची,
मी नाक पुसायला थांबलो
की उंट एक पाय उचलून तसाच.

लँकाशरची गिरणीगावं. शनिवारी दुपारी भोंगा व्हायचा,
पगाराची नाणी अजून मुठीत ऊन असायची
आणि आम्ही हॉलच्या दाराशी हजर.
बाकावर तीन पेनी, मागे उभं राहायला एक,
मांडीवरचं मूल फुकट,
रडलं तर बाहेर.

क्रेल साहेब चित्राची गोष्ट सांगत.
आवाज खणखणीत, मिशा त्याहून.
वरच्या ओठावरून उतरून हनुवटी गाठणाऱ्या,
रात्री मेण लावून कागदात बांधून ठेवलेल्या.
नाईल त्यांनीही पाहिली नव्हती.
मिशा मात्र खऱ्या.

बेकपला पहिल्याच रात्री काहीतरी बिनसलं.
साहेब मगरीने पाद्री गिळल्याचं सांगत होते
आणि हॉल ढिम्म.
पुढच्या रांगेतल्या बाया एकमेकींकडे बघत होत्या.

चंद्राच्या जागी कॅनव्हासला भोक होतं.
मागून मी कंदील धरला की वाळवंटात पौर्णिमा.
त्या रात्री कंदील खाली ठेवला, डोळा लावला.
इजिप्तात अवस पडली, कुणाच्या लक्षात आली नाही.

दोनशे चेहरे.
सगळे साहेबांच्या तोंडाकडे लागलेले,
आणि तिथे तोंडच नव्हतं. नुसते केस.

मागांच्या खडखडाटात कान गेलेली माणसं ती.
ओठ वाचून जगणारी.
चार माग ओलांडून सांगायची, 'मीठ संपलंय',
'मुकादम येतोय', 'धाकटीला दिवस गेलेत',
आवाजाचा एक कणही न सांडता.

तेव्हा एक उठली. झिला ऑर्मरॉड,
नाव मला नंतर कळलं.
सुताचे बोळे कोंबकोंबून तिने एक कान राखला होता.
डोक्यावरची शाल खांद्यावर टाकली,
भिंतीपाशी गॅसच्या दिव्याखाली उभी राहिली
आणि साहेब बोलत तसं तोंड हलवू लागली.
ओठ, गाल, भुवया, सगळं कामाला लावून.

हॉल वळला. बाकं करकरली.
मगर आली, पाद्री गेला, हसू फुटलं.
मोठं, बेसूर,
स्वतःचं हसणं ज्यांना ऐकू येत नाही त्यांचं.
साहेबांना वाटलं, जमलं एकदाचं.

पण मी तिच्याकडे बघत होतो.
साहेब 'थीब्जचे भग्नावशेष' म्हणाले
तेव्हा माणसं मांड्यांवर थापा मारून का हसली?
साहेब पाणी प्यायला थांबले,
तिचे ओठ चालूच.

मग वादळ. वादळ म्हणजे मी आणि एक पत्रा.
पत्रा टाकून दिला.
लाकडी तळाच्या बुटांनी फळ्यांवर उड्या मारल्या,
गुडघे सोलवटेपर्यंत,
फळ्यांतून बाकांत, बाकांतून त्यांच्या हाडांत
गडगडाट जावा म्हणून.
भोकातून दिसलं: शेवटच्या बाकावरच्या म्हाताऱ्याने
छातीवर हात ठेवला आणि वर छताकडे पाहिलं.

खेळ संपल्यावर ती पडद्यामागे आली.
नाईलचं उलटं रूप पाहिलं, एका ठिगळावर बोट फिरवलं,
माझ्याकडे वळून काहीतरी म्हणाली. बिनआवाजी.
मला वाचता येत नव्हतं.
मी आपलं हो म्हटलं.

रात्री खानावळीच्या खोलीत साहेब घोरत होते.
मिशा कागदात.
मी खिडकीच्या काळ्या काचेपुढे
तिच्यासारखं तोंड करून पाहिलं,
पुन्हा केलं, पुन्हा.
पाचव्यांदा शब्द उमटला.

ठिगळं कापायची कात्री
सरसाच्या डब्यापाशीच असायची.